पाकबोटीचा शिक्का

प्रिय जया,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. एरवी मी तुला ‘ए जया’ म्हणते, तेच डोक्यात धर. अक्षर हलतंय ते हात थरथरतो म्हणून नाही. मी बोटीत बसून लिहितेय. दुधनीच्या तलावात, शिकाऱ्यात, मांडीवर फरसाणाचा पत्र्याचा डबा उलटा ठेवून. बोट वल्हवणारा भिका म्हणून माणूस आहे, तो समोर बसून मघापासून माझ्याकडे बघतोय. आधी म्हणाला, आजी, फोटो काढू का, सगळे काढतात. म्हटलं, तू वल्हव. मग म्हणाला, कुठवर नेऊ? म्हटलं, कुठवर नाही, मधोमध उभी कर, मला पत्र लिहायचंय. म्हणाला, घरी टेबल नाही का? म्हटलं, टेबल आहे, बोट नाही. डोकं फिरलेली म्हातारी आहे असं त्याने धरलं असेल. धरू दे.

दुकानाचा माल नेणारा कल्पेश परवा टेम्पो घेऊन महाडहून परत आला. जाताना मी त्याला वाट वाकडी करून श्रीवर्धनला तुझ्याकडे पाठवलं होतं, कुरडयांचा डबा द्यायला. येताना तो रिकामा डबा आणि बरोबर एक बोचकं घेऊन आला. माझ्याच जुन्या हिरव्या साडीत बांधलेलं. आत आपला कार्डांचा आल्बम, प्रदर्शनात मिळालेलं ते मेडल, आणि वर तुझी चिठ्ठी. ‘आक्का, हे तुमच्या घरचं आहे. इथे माझ्याकडे ठेवणं बरं दिसत नाही. सांभाळून ठेवा.’ मी वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. तेच होतं. तुमच्या घरचं. वा.

कल्पेश काही सांगायला तयार नव्हता. भाभीने दिलं, मी आणलं, एवढंच. मग मी त्याच्या टेम्पोची चावी उचलून माझ्या कमरेला खोचली, तेव्हा बोलायला लागला. म्हणाला, तो चहा पीत होता तेव्हा शेजारच्या दोन बायका मेडल बघायला आल्या. पहिल्या पानावर तू नाव लिहिलंयस ना, ‘संग्रह: आक्काबाई, सिल्वासा’, ते वाचून एकीने विचारलं, ही तुझी कोण गं? आणि तू तोंड उघडलंस आणि तुला शब्दच सापडेना. मग दुसरीनेच उत्तर दिलं, अगं, पहिली सासू असेल. जाता जाता एक म्हणाली, पहिल्या घरचं इथे कशाला सांभाळायचं बाई. तुझा अमोल शाळेत शिकवायला गेला होता, त्याची आई, म्हणजे आपल्या विहीणबाई, आत माशाला मीठ लावत होत्या. कल्पेश डिझेल भरून आला तोवर बोचकं बांधून तयार.

त्या बायकांवर माझा राग नाही. बायका विचारतात. आपणही विचारतो. राग आहे तो तुझ्यावर, तोही थोडाच. त्याचं शेवटी बघते. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘हो आक्का, हो आक्का’ करतेस आणि मग रेंज जाते. तुझी रेंज बरोबर कधी जाते ते मला कळतं.

आधी इकडचं सांगते. आमलीत सगळं ठीक आहे. मंजुळाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तोंडाचं राहिलं. नणंद आहे, सख्खी आहे, म्हणून चालवून घ्यायचं. गलोंड्याच्या कंपन्यांतून पुठ्ठा आणि सुताचे रिकामे कोन येतात, भंगाराचं दुकान चालतंय. मेडल मी आल्या आल्या दुकानात वजनकाट्याच्या वर खिळ्याला लावलं. कंपनीतली पोरं विचारतात, आक्का, हे कुस्तीचं का? म्हणते, नाही, टपालाचं. हसतात. मग मी त्यांना बसवते आणि सगळं सांगते आणि ते उठायला बघतात तरी सोडत नाही. काल रद्दी घेऊन आलेला एक पोरगा म्हणाला, आक्का, माझी पस्ती तरी मोजा हो, मला ड्यूटी आहे. म्हटलं, पस्ती कुठे पळून जात नाही, आधी ऐक.

तुला आठवतं ना, हे सगळं पस्तीतूनच आलं. तू नवी नवरी होतीस. लग्नाचा चुडासुद्धा हातात होता आणि मी तुला रद्दी निवडायला बसवलं होतं, त्यावरून मंजुळाबाईने मला पाण्यात पाहिलं. चर्चच्या मागचा तो जुना बंगला रिकामा झाला, फिरंग्यांच्या वेळचा, आणि त्यातली सगळी पस्ती आपल्याकडे आली. पुस्तकं, कागद, आणि एका बिस्किटाच्या डब्यात ती कार्डं. एका बाजूला बोटीचं चित्र. काळी बोट, दोन धुराडी, धूर एका रेषेत गेलेला. मी आख्ख्या जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता. शिरपूरकडची बाई मी, तापी बघितलेली, समुद्र बघितला तो दमणचा, तोही गढूळ. पण ती बोट बघितली आणि मी तो डबा काट्यावर ठेवला नाही, बाजूला ठेवला. का, ते मला विचारू नकोस. चांगली वस्तू हाताला कळते. पितळ आणि पितळेचा मुलामा मी डोळे मिटून ओळखते, तसंच हे.

माझं शिक्षण चौथी, इंग्रजी येत नाही. तू बारावी, तुला थोडं येतं, तेही एक एक अक्षर लावून. तू शिक्क्याला बोट लावून वाचलंस: पी, ए, क्यू, यू, ई, बी, ओ, टी. पाक-बोट. मी म्हटलं, बघ, बोटच आहे, चित्रात आहे तीच. मग दुसरं कार्ड, तिथेही पाकबोट. तिसरं, तिथेही. बंदरं वेगळी, शिक्के वेगळे, पण बोट एकच. मोंबासा, पाकबोट. पोर्ट सैद, पाकबोट. लिस्बन, पाकबोट. आपल्या दोघींना इतकं कौतुक त्या बोटीचं. एकच बोट आणि किती हिंडली म्हणून. संजू जेवताना चिडवायचा, आई, त्या पाकबोटीचा कॅप्टन एक दिवस आमलीत उतरणार आणि तुला मागणी घालणार. म्हटलं, उतरू दे, काट्यावर उभा करीन, किती किलो भरतो बघीन. तू ताटात बघून हसायचीस, सासूसमोर मोठ्याने हसायचं नाही म्हणून. आणि गोड केलं की संजू पाकात बोट बुडवून म्हणायचा, हे बघा, खरं पाकबोट. घरात तो शब्दच झाला. अजून साखरेचा पाक केला की माझ्या तोंडात येतो.

मग मी सगळ्या फेरीवाल्यांना सांगून ठेवलं. दमणचा, वापीचा, अथालचा, जो कोणी पस्ती घेईल त्याने बोटीचं कार्ड मिळालं की आक्काकडे आणायचं. ते म्हणायचे, आक्का, तुला काय नाव चालवायचीय का? पण आणायचे. दमणची कितीतरी माणसं त्या काळी बोटीवर कामाला असायची, स्वयंपाकी, वाढपी, धोबी. त्यांच्या घरांतून निघालेली कार्डं. पत्त्यावर ‘सिल्वासा, नगर आवेली’. आपल्या हवेलीचा ‘ह’ खाऊन टाकलेला. तू मोबाईल कार्डावर धरायचीस आणि ती फिरंगी भाषा मराठी होऊन यायची, मोडकीतोडकी, पण यायची. मला वाटलं होतं समुद्राचं काहीतरी लिहिलं असेल. कसलं काय. तो पास्कोल म्हणून बोटीवरचा स्वयंपाकी, आईला लिहायचा: कांदे संपले. गरम फार होतं. शेळी विकू नकोस. दुसऱ्या कार्डावर: वांती थांबली. शेळी विकू नकोस. जगाच्या त्या टोकावरून माणूस लिहितोय आणि जीव सगळा सिल्वासाच्या शेळीत. तू म्हणायचीस, आक्का, विकली असेल का हो? आपण किती कार्डं हुडकली, पण शेळीचं पुढे काही कळलं नाही.

कार्डं लावण्यावरून आपली भांडणं झाली ती तर अख्ख्या आळीने ऐकलीत. तू म्हणायचीस बंदराप्रमाणे लावू. मी म्हणायचे माणसाप्रमाणे लाव. लोखंड लोखंडात, पितळ पितळेत, तसा पास्कोल पास्कोलमध्ये. माणूस फोडून वेगवेगळ्या खणात टाकायचा नसतो. तू ऐकलं नाहीस. आवाज न चढवता आपलंच धरून बसतेस, ही तुझी खोड मला तेव्हाच कळली, आणि खरं सांगू, आवडली. माझ्यासमोर या गावात कोणी उभं राहत नाही, एक तू राहिलीस. शेवटी माणसाप्रमाणे लावलं आणि त्या माणसात बंदराप्रमाणे. दोघींचंही झालं.

संजूचं मी लिहीत बसणार नाही. कावीळ झाली, गेला. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. संजूचे आबा गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं, कारण संजू लहान होता आणि दुसरं कोणी नव्हतं. तू मात्र भिंतीला पाठ लावून बसलीस ती बसलीस. तुझा भाऊ आला, म्हणाला घेऊन जातो, आणि बोलता बोलता असं बोलला की नेऊन तुला कुठल्या कोपऱ्यात ठेवणार ते मला स्पष्ट दिसलं. म्हटलं, राहू दे, तिला इथे काम आहे. आणि तो कार्डांचा डबा तुझ्या पुढ्यात उपडा केला. म्हटलं, सगळी मिसळलीत, लाव. मिसळली नव्हती, मीच मिसळली होती. तू दोन दिवस नुसती बघत बसलीस. तिसऱ्या दिवशी पास्कोल वेगळा काढलास.

मग अमोल गुरुजी आले. शाळेच्या वाचनालयासाठी पस्तीत जुनी पुस्तकं बघायला यायचे, पँटला धूळ लागली तरी खाली बसायचे, मला ते बरं वाटलं. एकदा तुझ्या हातात कार्ड बघितलं आणि म्हणाले, अहो, हे पाकबोट बोटीचं नाव नाही. आपल्या दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. इतकी वर्षं जी बोट जगभर हिंडवली ती नव्हतीच. मी म्हटलं, मग काय आहे? तर म्हणाले, बोट समुद्रात असली की ती तिच्या देशाचा तुकडा. जहाजावर ज्या देशाचं निशाण त्या देशाचं तिकीट लावून पत्र टाकायचं. पण शिक्का मारणार पुढच्या बंदरातला पोस्टवाला, म्हणजे तिकीट एका देशाचं आणि शिक्का भलत्याच देशाचा. इंग्लंडच्या राजाचं तिकीट आणि शिक्का मोंबासाचा. कोणी म्हणेल हे खोटं आहे, हे चालायचं नाही, करा नॉटपेड, घ्या समोरच्याकडून दंड. म्हणून तो पाकबोटचा शिक्का मारतात. त्याचा अर्थ, हे पत्र समुद्रात टाकलेलं आहे, तिकीट परकं दिसलं तरी बरोबर आहे, कोणी अडवू नका, पत्त्यावर जाऊ द्या.

मी कार्ड परत डब्यात ठेवलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

तू त्याच्याकडे कशी बघायचीस ते मला दिसत होतं. तो तुझ्याकडे कसा बघत नव्हता तेही दिसत होतं. इतका प्रयत्न करून बघायचं नाही म्हणजे काय ते मला कळतं, मी काही देवळातली मूर्ती नाही. दोघंही मरेपर्यंत बोलला नसतात. म्हणून मीच त्याला विचारलं, वजनकाट्यासमोर उभा असताना. गुरुजी, तुम्ही लग्न का नाही केलं? त्याच्या हातातलं भूगोलाचं पुस्तक पडलं. मग मी त्याच्या आईला फोन लावला. विहीणबाई कोकणातल्या, शिकलेल्या, ‘बघू, विचार करू’ म्हणाल्या. म्हटलं, करा, मी धरून ठेवते. फोन ठेवला नाही. शेवटी त्या हसल्या. बाई चांगली आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं.

हळदीला मंजुळाबाईने जे केलं ते तू विसरली नसशील. सवाष्ण बघा, सवाष्ण बघा, करत दारात उभी. मी हळदीत हात घातला तशी ओरडली, याडी झायी का वं तू? दोघी तशाच, आणि एकमेकींना हळद लावता? तुझा भाऊ तर आलाच नव्हता. मी म्हटलं, बाई, लग्न हिचं आहे, हळद मी कांडलीय, मुसळाचे फोड माझ्या हाताला आलेत, तुला लावायची असेल तर माझ्या मागे रांगेत उभी राहा. आणि तुझ्या दोन्ही गालांना लावली. तेव्हा तू रडलीस. मी नाही रडले, मला स्वयंपाकाचं बघायचं होतं. आणि खोटं कशाला सांगू, शेवटी रांगेत मंजुळाबाईही आली आणि सगळ्यांत जास्त हळद तिनेच फासली.

त्याच हाताने मी तुझ्या पेटीत आल्बम ठेवायला गेले. एकदा शेवटचं उघडून बघितलं आणि राजाच्या तिकिटाच्या त्या मोंबासाच्या कार्डावर माझं बोट उमटलं. पिवळं धमक, पाकबोटच्या शिक्क्याला लागून. तू बघितलंस आणि दोघी एकदम म्हणालो, राहू दे.

मग गुरुजींनी श्रीवर्धनची शाळा धरली आणि तू तिकडे गेलीस. आता तुझ्या अलिबागच्या टपाल प्रदर्शनाचं. तू मोबाईलवर सगळं दाखवलंस तेव्हा मी दुकानात सगळ्यांना गोळा केलं होतं, कल्पेश, फेरीवाले, पुठ्ठा घेऊन आलेला तो बिहारी पोरगा, सगळे मोबाईलवर डोकं घालून. काचेच्या फळ्यांवर आपली पानं. तुझं अक्षर. प्रत्येक कार्डाखाली कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, काय लिहिलं. ‘शेळी विकू नकोस’ हे तिथे लावलेलं बघून मला इतकं बरं वाटलं, त्या पास्कोलच्या आईला कोणी विचारत नसेल तिच्या आळीत. आणि ते परीक्षक, भिंग डोळ्याला लावून मोंबासाच्या कार्डावर वाकले. हा डाग कसला? याचे गुण जातील. तू खालच्या ओळीवर बोट ठेवलंस. तिथे तू लिहिलं होतंस: ‘शिक्के: मोंबासा, पाकबोट, हळदीचे बोट, सिल्वासा.’ त्यांनी वाचलं, परत वाचलं, भिंग खिशात घातलं. गुण कापले. बरोबर कापले, नियम तो नियम. आणि तरी मेडल दिलं. इथे दुकानात पोरांनी अशी आरोळी ठोकली की समोरचा किराणावाला भांडण झालं समजून शटर ओढायला लागला. मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी. कोण, ते काही सांगितलं नाही, नुसतं ‘ही माझी’. कोणी विचारलंही नाही.

म्हणून मला तुझा राग आला. मला तुझ्यासाठी शब्द लागला नाही, आणि तुला माझ्यासाठी सापडला नाही तर तू आल्बम परत पाठवलास.

(भिका म्हणतो, आजी, ऊन लागतंय, काठाला नेऊ का? म्हटलं, थोडं राहिलंय. आता तोही वल्हं ठेवून बसलाय. विचारतो, कोणाला लिहिता एवढं? मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग बरोबर आहे, बोटीतच लिहायला पाहिजे. शहाणा आहे माणूस.)

तर आल्बमचं असं. तुला गुरुजींनी शिकवलंय आणि मलाही ऐकू आलंय. पेटीत पडलेलं आणि शिक्का बसलेलं टपाल मागे येत नसतं. ते पत्त्यावर जातं. तुझ्यावर शिक्का मी मारलाय, मोंबासाच्या कार्डाला बसला तोच, पिवळा. तिकीट इकडचं, घर तिकडचं, लोकांना परकं दिसेल, दिसू दे. नॉटपेड तू कुठेच नाहीस, इथेही नाही आणि तिथेही नाही. आल्बम तुझा आहे. मेडल मात्र अजून थोडे दिवस काट्यावर राहील, अथालचे फेरीवाले बघायचे राहिलेत.

आणि आता कामाचं, ज्याच्यासाठी मी खानवेलच्या बसमध्ये धक्के खात इथवर आले. पंधरा दिवसांवर आखाजी आहे, तुझ्या कोकणातल्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया. गेल्या वर्षी आखाजीला मी फोन केला तर तू म्हणालीस, आक्का, इकडे कोकणात आखाजीचं एवढं काही नसतं. आपल्याकडे असतं. आखाजीला आपल्याकडची लेक सासरी राहत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, मुराळी. गेल्या वर्षी मी थांबले, कारण तो मान तुझ्या भावाचा. तो गेला नाही. यंदाही जायचा नाही, मी विचारून घेतलं, आणि आता त्याला मी विचारणार नाही. दुकानामागच्या कडुलिंबाला झोका बांधून झालाय, क्रेनची साखळी आहे, मंजुळाबाई बसली तरी तुटणार नाही. तिनेच सांजोऱ्यांचा रवा आणून ठेवलाय, वर मला विचारते, पोरगी येतेय ना नक्की? आंबे कल्पेश आणणार आहे. सकाळी मी संजूची घागर भरीन, तूही हात जोड, आणि दुपारी झोक्यावर बस. गेलेल्यांची घागर आणि लेकीचा झोका आपल्याकडे एकाच दिवशी असतो, रीतच तशी आहे, त्यात कोणी लाजायचं काही नाही. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की लेक आठ दिवस माहेरी नेतेय, अमोल गुरुजींनी हवं तर मागून यावं, जावयाचा मान ठेवू. वापीहून गाडीने पनवेल, तिथून एसटी, मी सगळं विचारून ठेवलंय. आल्बम त्याच हिरव्या साडीत बांधून माझ्या मांडीवर असेल, तुझ्या कपाटात ठेवीन आणि मगच तुला घेऊन निघेन. बायका मुराळी जात नाहीत म्हणे. मी जातेय. दारात उभी राहिले की त्या दोघी शेजारणींना हाक मार, आणि परत विचारलं ही तुझी कोण गं, तर आता शब्द आहे. सांग, माझी मुराळी, मला माहेरी न्यायला आलीय.

बोटीतून उतरते आता. खानवेलच्या पोस्टात टाकते, पाकिटावर लाल पेनाने ‘पाकबोट’ मीच लिहिलंय, आणि शिक्का स्पष्ट मारा असं तिथल्या बाईला बजावते.

तुझीच, कोणी काहीही म्हणो,
आक्का

ता. क. दमणच्या फेरीवाल्याने पास्कोलची आणखी कार्डं आणून दिली. कल्पेशच्या मोबाईलवर वाचली. शेळीचं काय झालं ते कळलंय. आलीस की सांगते.